पाचटाचा कोळसा, शिळ्या भाताचा गॅस

ऊसतोड झाली की पाचट शेतातच पडून राहतं. गुरं ते खात नाहीत, कुजायला वेळ लागतो आणि पुढच्या मशागतीची घाई असते. म्हणून शेतकरी काडी लावून मोकळा होतो. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांनी 1996 साली पुण्यात स्थापन केलेल्या ‘आरती’ने, म्हणजे अ‍ॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने, या पाचटाला हात घातला.

पिंपात पाचट ठासायचं, पिंप विटांच्या भट्टीत ठेवायचं, खाली पाचटाचाच जाळ करायचा. आत हवा खेळत नसल्यामुळे राख होत नाही, कोळसा होतो. बाहेर पडणारा वायू भट्टीतच पेटतो आणि पुढची आच पुरवतो. कोळशाच्या भुकटीत खळ मिसळून कांड्या पाडल्या की चुलीला जवळजवळ बिनधुराचं जळण. 2002 साली याला ब्रिटनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला.

मला मात्र ‘आरती’चा बायोगॅस जास्त आवडतो. शेणावरच्या घरगुती संयंत्राला रोज चाळीसएक किलो शेण लागतं. शहरातल्या माणसाने ते आणायचं कुठून? कर्व्यांचा विचार सरळ होता. मिथेन करणारे सूक्ष्मजीव गुरांच्या पोटातलेच. मग गुराने पचवून टाकलेला चोथा त्यांना कशाला? थेट अन्नच घाला. शिळा भात, खराब पीठ, सडकी फळं असा एक-दोन किलो ऐवज पुरू लागला. आणि संयंत्र कसलं, तर बाजारात मिळणाऱ्या पाण्याच्या दोन प्लॅस्टिक टाक्या, मोठीत लहान उपडी घातलेली. खरी हुशारी इथे आहे. विज्ञान कितीही चोख असलं तरी गल्लीतल्या प्लंबरला जे जोडता येत नाही, ते प्रयोगशाळेतच राहतं. 2006 साली दुसरा अ‍ॅश्डेन आला तो याच संयंत्रासाठी.

शोधनिबंध छापला की आपलं काम संपलं, असं इथे मानलं नाही. सुधारित चुली आणि कांडीकोळसा लोकांपर्यंत न्यायला कारागीर, बचत गट, छोटे उद्योजक यांना शिकवलं गेलं. पुढे आनंद कर्व्यांच्या कन्या डॉ. प्रियदर्शिनी कर्वे यांनी ‘समुचित एन्व्हायरो टेक’ ही कंपनीच काढली. अनुदान संपलं की प्रकल्प झोपतो. विक्रीवर पोट असलेला माणूस मात्र गिऱ्हाइकाची तक्रार ऐकतोच.

अडचणी आहेतच. पाचट गोळा करायला मजूर लागतात, आणि 2016 च्या उज्ज्वला योजनेनंतर खेड्यातही कोळशाची गाठ सिलिंडरशी पडली. बायोगॅसच्या टाकीत एकदम जास्त खरकटं ओतलं तर आतलं मिश्रण आंबट होतं आणि गॅस थांबतो. म्हणून घरी बसवणार असाल, तर किंमत नंतर विचारा. बंद पडल्यावर दुरुस्तीला कोण येणार, ते आधी विचारून घ्या.