अंगणातले झाड आणि सिमेंटची फरशी

जुन्नर, मंचर, घोडेगाव भागात घर बांधले की अंगणात फरशी घालतात आणि आंबा-चिंचेच्या बुंध्यापर्यंत सिमेंट भिडवतात. माल उतरवायला सोय होते, हे आम्हा कापडवाल्यांनाही ठाऊक आहे. पण झाडाची बारीक मुळे बहुतेक वरच्या दीड-दोन फूट मातीत असतात. त्यांना पाण्याइतकीच हवाही लागते. ती कोंडली की झाड खंगते आणि एखाद्या वादळात घरावर वा गोदामावर कोसळते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता.

आपणही चहूबाजूंनी निदान दोन-अडीच हात माती मोकळी ठेवावी. जास्त ठेवली तर उत्तम. कडेला दगड नुसते रचावेत. वाळलेला पाला तीन-चार बोटे पसरावा, पण बुंध्याला टेकवू नये. बुंध्यावर माती चढवली तर साल कुजते. थोडे ऊन येत असेल तर पुदिना लावावा. कारागीर बंधूंनी रंगाचे, साबणाचे पाणी तेथे ओतू नये.

गवंड्याला हे काम सुरू होण्यापूर्वीच सांगावे. फरशी चार दिवसांत होते. सावलीला एक पिढी लागते.