प्लंबर व ठेकेदारांनी विमा निवडताना काय पाहावे?

कुर्ला, मुंब्रा, भिवंडीपासून पुण्याच्या कोंढव्यापर्यंत आपले अनेक बांधव नळकामाच्या धंद्यात आहेत. कोणी पान्यांची थैली घेऊन एकटाच घरोघर दुरुस्ती करतो, कोणाच्या हाताखाली चार-सहा मिस्त्री व मदतनीस असतात, तर कोणी बिल्डरकडून पूर्ण इमारतीचा ठेका घेतो. "विमा काढला आहे काय?" असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते, "होय, गाडीचा आहे, दुकानाचाही आहे."

या उत्तरात धंद्यातील सर्वांत मोठे दोन धोके सुटलेले असतात. समजा, एका मिस्त्रीने सातव्या मजल्यावर गीझरची जोडणी केली. मजुरी मिळाली चारशे रुपये. रात्री सांधा सुटला, घरमालक गावी गेलेला. सकाळपर्यंत सहाव्या मजल्यावरच्या घराचे छत, फर्निचर व विजेची उपकरणे भिजून दोन लाखांचे नुकसान झाले. दुकानाचा विमा येथे एक पैसाही देणार नाही, कारण बिघडलेली वस्तू दुकानदाराची नाही. दुसरा धोका याहून गंभीर आहे. तो परांचीवर किंवा शाफ्टमध्ये काम करणाऱ्या कामगाराच्या जिवाचा आहे. म्हणून विमा निवडताना कंपनीच्या माहितीपत्रकापासून सुरुवात न करता आपल्या कामातील धोक्यापासून सुरुवात करावी.

पहिला विमा कामगारांचा

कामावर असताना कामगाराला इजा झाली किंवा त्याचा मृत्यू झाला तर भरपाईची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. ही तरतूद १९२३ च्या कायद्यात होती. आता ती २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आली असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. चूक मालकाची नव्हती, एवढे म्हणून सुटका होत नाही.

रकमेचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब पाहू. मृत्यू झाल्यास मासिक मजुरीच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणतात. ३० वर्षांच्या कामगारासाठी हा आकडा २०७.९८ आहे. २०२० च्या अधिसूचनेने हिशेबासाठी मजुरीची कमाल मर्यादा दरमहा १५,००० रुपये ठरवली. त्या हिशेबाने ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये होतात. किती लहान ठेकेदार ही रक्कम घरातून उभी करू शकतील? आणि ती उभी राहिली नाही तर त्या कामगाराच्या विधवेने व मुलांनी कोणाकडे पाहावे?

या जबाबदारीसाठी जो विमा मिळतो त्याला बाजारात 'डब्ल्यूसी पॉलिसी' म्हणतात. त्याचा हप्ता वर्षभरात दिल्या जाणाऱ्या एकूण मजुरीवर ठरतो. हप्ता वाचवण्यासाठी सहा कामगार असताना तीन दाखवणे ही मोठी चूक आहे. अपघात नेमका न दाखवलेल्या चौथ्याला झाला तर सारी जबाबदारी आपल्या अंगावर येते. नाक्यावरून रोजंदारीने आणलेले मजूर व उंचीवरील काम यांची नोंद प्रस्तावात जरूर करावी. औषधोपचाराचा खर्च अनेकदा मूळ पॉलिसीत नसतो. तो थोडा जादा हप्ता देऊन जोडून घ्यावा.

ज्यांच्याकडे १० किंवा अधिक कामगार आहेत त्यांनी ईएसआय योजना आपल्याला लागू होते काय, हे आधी तपासावे. या योजनेत असलेल्या कामगाराची अपघात भरपाई योजनेतून मिळते, त्यामुळे त्याच्यासाठी दुहेरी खर्च करण्याचे कारण नाही.

येथे एक इशारा देणे आम्हांस आवश्यक वाटते. मैलाटाकीत किंवा गटारात सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा कामाला विम्याचा आधार शोधूच नये. ते काम नाकारावे.

दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा

वर सांगितलेल्या सहाव्या मजल्याच्या उदाहरणात उपयोगी पडतो तो सार्वजनिक दायित्व विमा, म्हणजेच 'पब्लिक लायबिलिटी' पॉलिसी. मात्र याच नावाचा १९९१ चा एक कायदा आहे व त्याखालील पॉलिसी घातक रसायने हाताळणाऱ्या कारखान्यांसाठी असते. ती प्लंबरच्या कामाची नाही. आपल्या कामामुळे तिसऱ्या व्यक्तीच्या शरीराला किंवा मालमत्तेला होणाऱ्या नुकसानीची पॉलिसी हवी, असे स्पष्ट सांगावे. ती घेताना चार गोष्टी विचाराव्यात.

एक, काम संपवून आपण निघून गेल्यावर झालेल्या गळतीची भरपाई मिळते काय? प्लंबरची बहुतेक भांडणे काम झाल्यानंतरचीच असतात. हे संरक्षण नसेल तर पॉलिसी अर्धीच आहे.

दोन, दावा कोणत्या तारखेवर ठरतो? आपल्याकडील बहुतेक दायित्व पॉलिसींमध्ये दावा पॉलिसी चालू असतानाच दाखल व्हावा लागतो. समजा, काम २०२४ मध्ये केले, २०२५ मध्ये पॉलिसी बंद केली आणि गळती २०२६ मध्ये झाली, तर काम करताना विमा होता हे सांगून उपयोग नाही. म्हणून नूतनीकरणात खंड पडू देऊ नये आणि मागील कामे कोणत्या तारखेपासून धरली आहेत ते पाहावे.

तीन, एका घटनेची मर्यादा किती व पूर्ण वर्षाची किती? दोन्ही आकडे वेगळे असतात. तसेच प्रत्येक दाव्यात पहिली काही रक्कम आपल्याला सोसावी लागते. हप्ता स्वस्त दिसतो तेथे ही रक्कम फार मोठी नाही ना, हे पाहावे.

चार, काय वगळले आहे? साधारणपणे हळूहळू होणारी झिरप, आपलेच सदोष काम पुन्हा करून देण्याचा खर्च, ज्या वस्तूवर आपण काम करीत होतो तिचे नुकसान आणि करारात आपण होऊन स्वीकारलेली जादा जबाबदारी वगळलेली असते. म्हणजे सांधा सुटून शेजाऱ्याचे छत बिघडले तर छताची भरपाई मिळू शकते, पण सांधा आपल्यालाच आपल्या खर्चाने बसवावा लागेल. विमा चांगल्या कारागिरीची जागा घेत नाही.

इमारतीचा ठेका असेल तर

मोठ्या बांधकामावर बिल्डर किंवा मुख्य ठेकेदार 'काँट्रॅक्टर्स ऑल रिस्क' ही पॉलिसी घेतो. तिच्या एका भागात बांधकामाचे नुकसान व दुसऱ्या भागात तिसऱ्या व्यक्तीचे नुकसान येते. "साइटचा विमा आहे, तुम्ही काळजी करू नका," या तोंडी शब्दावर विसंबू नये. पॉलिसीची प्रत मागावी आणि पोटठेकेदारांना तिच्यात धरले आहे काय, हे वाचून घ्यावे. काम सोपवल्यानंतरचा देखभालीचा काळ तिच्यात येतो काय, तेही पाहावे. करारनाम्यात 'सर्व नुकसानीस प्लंबिंग ठेकेदार जबाबदार राहील' असे कलम असेल तर सहीपूर्वी ते विमा सल्लागाराला दाखवावे.

दुकान, गोदाम व हत्यारे

पाइप, फिटिंग व नळांचा साठा असणाऱ्यांसाठी १ एप्रिल २०२१ पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पॉलिसी सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे सुरू झाली. एका ठिकाणची एकूण मालमत्ता पाच कोटी रुपयांपर्यंत असेल तर ती लागू पडते. आग, पूर, भूकंप, तसेच दंगलीतील नुकसान तिच्यात येते. साधी घरफोडी मात्र वेगळी घ्यावी लागते. कोअर कटिंग किंवा पाइप जोडण्याची यंत्रे साइटवर फिरत असतील तर दुकानाच्या पत्त्यावरचा विमा त्यांच्यामागे साइटवर जाईल, असे गृहीत धरू नये.

साठ्याची किंमत खरी सांगावी. दहा लाखांचा माल पाच लाखांचा दाखवला आणि दोन लाखांचे नुकसान झाले तर हाती साधारण एक लाखच येतो. वरील पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तफावत माफ असते, त्यापुढची नाही.

एकट्याने काम करणाऱ्या कारागिराने स्वतःलाही विसरू नये. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून मिळणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना १८ ते ७० वयापर्यंत अपघाती मृत्यूसाठी दोन लाख रुपये देते. ही सुरुवात आहे. जमेल तसा मोठा अपघात विमा घ्यावा.

शरई बाजू

विम्याच्या व्यवहाराबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि आपल्या देशात तकाफुल चालवणारी विमा कंपनी नाही, हे आम्ही जाणतो. ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या विश्वासातील आलिमांपुढे प्रश्न नेमका मांडावा. 'विमा जायज आहे काय?' एवढेच न विचारता, कामगाराची भरपाई कायद्याने माझ्यावर आहे व ती देण्याची माझी ऐपत नाही, हेही सांगावे. निर्णय काहीही होवो, कामगाराचा हक्क आपल्या मानेवर राहतोच.

पॉलिसी व दावा

२००७ पासून आग व इंजिनीअरिंग विम्याचे सरकारी ठराविक दर उठले आहेत. म्हणून निदान तीन कंपन्यांकडून दर लेखी घ्यावेत व हप्त्याबरोबर अटींचीही तुलना करावी. एजंट कंपनीचा प्रतिनिधी असतो, तर परवानाधारक ब्रोकर ग्राहकाच्या वतीने बोलतो. हप्ता भरल्याशिवाय संरक्षण सुरू होत नाही, त्यामुळे 'उद्या भरू' म्हणून आज कामाला हात घालू नये.

भिंत बुजवण्याआधी पाइपची दाब-चाचणी घ्यावी, तिचा फोटो काढावा आणि काम सोपवताना ग्राहकाची सही घ्यावी. हजेरी व मजुरीची वही रोज भरावी. अपघात झाल्यास कंपनीला लगेच लेखी कळवावे व सर्वेक्षक येण्यापूर्वी खराब वस्तू फेकू नयेत. कंपनीला न विचारता 'सारी चूक माझी' असे लिहूनही देऊ नये. दावा अन्यायाने नाकारला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि तेथे दाद न मिळाल्यास विमा लोकपालाकडे जावे. लहान व्यावसायिकांनाही ही वाट खुली असून तिला शुल्क नाही. मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत.

पैसा मर्यादित असेल तर आमच्या मते क्रम असा असावा: प्रथम कामगार, मग दुसऱ्याचे नुकसान, त्यानंतर आपले दुकान. आपला माल गेला तर तो पुन्हा कमावता येतो. दुसऱ्याचे देणे मात्र फेडावेच लागते.