मालवीची नोंद कोणत्या रकान्यात?

उज्जयिनीत मराठी माणूस परका नाही. राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. दौलतराव शिंद्यांनी 1810 साली ग्वाल्हेरीस बिऱ्हाड हलवीपर्यंत ही नगरी शिंद्यांची राजधानी होती. तेथील मराठी कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या घरात मराठी जपली, याचे आपण कौतुक करतो. परंतु ज्या भूमीने त्यांना आसरा दिला, तिच्या स्वतःच्या भाषेची विचारपूस मात्र आपण क्वचितच केली.

ती भाषा मालवी. क्षिप्रा आणि चंबळ यांच्या काठचे पठार तिचे. विंध्य उतरून नर्मदेच्या खोऱ्यात गेले की तिची बहीण निमाडी कानी पडते. सोंधवाडी, उमठवाडी, रजवाडी ही मालवीचीच लेकरे. ग्रिअर्सनने 1908 च्या आपल्या खंडात मालवी व निमाडी यांना राजस्थानीच्या कुळात बसविले. मालवीत माचसारखे लोकनाट्य रंगते, तर निमाडीत संत सिंगाजींची पदे आजही गाइली जातात. अशा भाषांना नुसत्या 'बोली' म्हणून बाजूस सारणे न्यायाचे होईल काय?

जनगणनेत मात्र त्या हिंदीच्या पोटात जातात. 2011 साली हिंदीभाषकांची संख्या 52 कोटी 83 लाख नोंदली गेली. तीत सुमारे 52 लाख मालवीचे व 23 लाख निमाडीचे होते. 2001 साली मालवी सांगणारे 55 लाखांहून अधिक होते. दहा वर्षांत माळव्याची लोकसंख्या वाढली, भाषकांचा आकडा मात्र घटला. मातृभाषा विचारल्यावर 'हिंदी' असे उत्तर देणारे वाढले, असाच याचा अर्थ लावावा लागतो.

हा केवळ आकड्यांचा खेळ नव्हे. राज्यघटनेच्या 350-क या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्यास सांगितले आहे. मालवी म्हणजे हिंदीच, असे एकदा ठरले की शाळेत पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या खेड्यातील मुलाची अडचण सरकारदरबारी उरतच नाही. हिंदीशी आमचे वैर नाही. पण थोरलीच्या मोठेपणासाठी धाकट्यांची नावे शिधापत्रिकेतून खोडली जाऊ नयेत.

आपल्या किनाऱ्यावरही वेगळे काय घडते? सिंधुदुर्गात घरोघरी बोलली जाणारी मालवणी 2011 च्या जनगणनेत कोकणीखाली नोंदली गेली, तीही अवघ्या 47 हजारांच्या आसपास.

पुढील जनगणना 2027 साली ठरली आहे. सांगणारा जी मातृभाषा सांगेल तीच लिहून घेणे, हे प्रगणकाचे कर्तव्य आहे. ती निःसंकोचपणे सांगणे हे नागरिकाचे. उज्जयिनीच्या मराठी मंडळींनी आपली भाषा परमुलखात टिकविली आहे. आपल्या मालवी शेजाऱ्याला 'तुझ्या आईची भाषा लिहून दे' असा आग्रह करण्याचा अधिकार त्यांच्याइतका दुसऱ्या कोणाला आहे?