डबीच्या आत डबी

विरारला स्थायिक होऊन आम्हाला चाळीस वर्षे होत आली. एवढ्या काळात वसईचा किल्ला आमच्या घरात केवळ बोलण्यातच राहिला होता. तो प्रत्यक्ष पाहण्याचा योग गेल्या पौषात आला, आणि त्याला निमित्त झाले माझ्या सहा वर्षांच्या नातीचे एक चित्र. शाळेत विषय दिला होता 'माझे पप्पा'. तिने एक लांबलचक काउंटर काढला होता, वर कापडाचे तागे रचले होते आणि गल्ल्यामागे एक डोके. हात नाहीत, पाय नाहीत. बाईंनी त्यावर तारा दिला होता. सूनबाईंनी ते चित्र काही न बोलता जेवणाच्या टेबलावर ठेवले. मुलाने ते पाहिले, पुन्हा पाहिले आणि म्हणाला, "रविवारी दुकान बंद ठेवतो."

रविवार हा आमच्याकडे कापडाच्या धंद्याचा मुख्य दिवस. त्यातून लगीनसराई तोंडावर आलेली. ज्या घरात दुकान आहे, त्या घराला या एका वाक्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

वाटाड्या म्हणून मला बरोबर घेण्यात आले. मी होकार दिला खरा, पण मनात एक जुनी बाकी होती. १९८९ साली माझा हाच मुलगा आठ वर्षांचा असताना त्याला एका रविवारी किल्ला दाखवण्याचे मी कबूल केले होते. आदल्या दिवशी शाखेत बॅलन्सिंग जुळले नाही, छत्तीस रुपयांचा फरक राहिला. रविवारी सकाळी निरोप आला आणि मी गेलो. फरकाला नवाने भाग गेला की आकड्यांची अदलाबदल झाली असे समजावे, हा आमच्या पिढीच्या बँकवाल्यांचा ठोकताळा. तरीही ती नोंद सापडायला सायंकाळचे पाच वाजले. ५,९५१ च्या जागी ५,९१५ लिहिले होते, आणि अक्षर माझेच होते. घरी आलो तेव्हा मुलगा गळ्यात पाण्याची बाटली अडकवून खिडकीतच झोपला होता. पुढे 'जाऊ रे एकदा' असे मी कितीदा म्हटले असेल, त्याची नोंद कोणत्याही खातेवहीत नाही.

तर त्या रविवारी सकाळी आम्ही तिघे विरार स्थानकावर उभे राहिलो. थेपले, खाखरे, सुकी भाजी आणि उकळून गार केलेले पाणी असा सरंजाम सूनबाईंनी बांधून दिला होता. गाडीला अवकाश होता, म्हणून नातीला सांगितले की मुंबईची पहिली उपनगरी गाडी याच विरारहून सुटली, १२ एप्रिल १८६७ रोजी, सकाळी पावणेसात वाजता, बॅकबेकडे. दिवसभरात जायची एक आणि यायची एकच गाडी. "मग ती चुकली तर?" तिने विचारले. "तर दुसऱ्या दिवशी," मी म्हणालो. मुलाने मोबाइलवरून मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा खाली घातली.

नालासोपाऱ्याला उतरून पश्चिमेला रिक्षाने सोपाऱ्याचा स्तूप गाठला. ज्याला आज आपण गर्दीचे उपनगर म्हणून नाक मुरडतो, ते सोपारे म्हणजे प्राचीन शूर्पारक. ग्रीक व्यापाऱ्यांच्या 'पेरिप्लस'मध्ये त्याचे नाव आहे, टॉलेमीच्या भूगोलात आहे. आपल्या घरांत नवपदाच्या ओळीत श्रीपाल राजाची कथा वाचली जाते, तिच्यातले सोपारक नगर ते हेच. नातीने ही कथा आजीकडून ऐकलेली होती. "साप चावलेली राजकन्या इथे राहायची?" एवढे विचारून तिने गवताकडे सावधपणे पाहिले, आणि मग पप्पांचा हात सोडला नाही. माझ्या मते मुलाच्या त्या दिवसाच्या पहिल्या कमाईचे श्रेय त्या सापाकडे जाते.

स्तूप म्हणजे आज विटांचा एक उंचवटा. गावातील लोक पूर्वी त्याला 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. १८८२ च्या एप्रिल महिन्यात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो खणला. मध्यभागी दगडी करंडक लागला. त्याच्या आत तांब्याची डबी होती आणि तिच्याभोवती बुद्धांच्या आठ लहान धातुमूर्ती. तांब्याच्या आत चांदीची, चांदीच्या आत दगडाची, तिच्या आत स्फटिकाची आणि स्फटिकाच्या आत सोन्याची डबी. सोन्याच्या डबीत मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे निघाले. बुद्धांच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून ते जपले गेले असावेत, असे मानले जाते. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे चांदीचे नाणेही तेथे मिळाले. हा सारा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. सोपाऱ्यातच सापडलेला अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात पाहता येतो.

नात बोटांवर डब्या मोजत होती. "सोन्याच्या डबीत सोने का नाही ठेवले?" मी उत्तर जुळवीत होतो, तेवढ्यात मुलगा म्हणाला, "बेटा, ज्याचे त्याला जे मौल्यवान, ते आत." नंतर तो जरा संकोचला. दुकानात अशी वाक्ये बोलण्याची सवय राहत नाही.

येथे माझ्यातला बँकवाला जागा झाला, वाचकांनी क्षमा करावी. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील लेख आहेत. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे त्याने प्रवाशांसाठी निवारे बांधल्याची नोंद त्यांत आहे. दुसऱ्या लेखात त्याने तीन हजार कार्षापणांची कायम ठेव गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवल्याचे म्हटले आहे. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज. मुद्दल परत मागायचे नाही, व्याजातून भिक्षूंचा खर्च चालवायचा. कापडवाल्यांकडे ठेव ठेवली होती हे ऐकून मुलाला फार आनंद झाला. "पाऊण टक्का? मला चाललं असतं."

दुपारी वसई रोडला उतरून पारनाक्यावरून किल्ल्यात गेलो. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजांनी ती जिंकली. मधली दोनशे वर्षे ताडांच्या गर्दीत पडझड होऊन उभी आहेत. चर्चच्या भिंती आहेत, छत नाही. फरशीत पोर्तुगीज अक्षरे कोरलेले थडग्यांचे दगड आहेत. नातीने प्रत्येक अक्षरावरून बोट फिरवले. "घंटा कुठे गेली?" हा तिचा प्रश्न मला आवडला, कारण त्याचे उत्तर माहीत होते. वसईच्या मोहिमेनंतर येथील घंटा महाराष्ट्रभर देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा आणि भीमाशंकरची घंटा त्यांतल्याच.

मुलाचा मोबाइल एव्हाना अकरा वेळा वाजला होता. बाराव्या वेळी भिवंडीचा व्यापारी होता. मुलगा उठून भिंतीपलीकडे गेला आणि बराच वेळ आला नाही. नातीने थेपला अर्धा खाऊन गुंडाळून ठेवला. "पप्पांचा आहे," म्हणाली. मी काय बोलणार होतो? मी तर तिच्या बापाला खिडकीत बसवून गेलेला माणूस. तो परत आला तेव्हा त्याच्या हाती फोन नव्हता, खिशातही दिसत नव्हता. बंद करून पिशवीच्या तळाशी टाकला असावा. त्याने अर्धा थेपला उघडला आणि खाता खाता भिंतीकडे पाहत म्हणाला, "बाबा, मला वाटायचं किल्ला याहून मोठा असेल."

"तेव्हा मोठा वाटला असता," मी म्हणालो.

"छत्तीस रुपये होते ना?"

त्याला आकडा आठवत होता. मी तो घरी एकदाच सांगितला होता. पाणी पिण्याच्या निमित्ताने मी तोंड फिरवले. पुढे ती दोघे समुद्राकडच्या दरवाजापर्यंत धावत गेली. मी सावलीत बसून राहिलो, गुडघ्यांचे कारण तर होतेच.

सूर्यास्तापूर्वी जेवायचे म्हणून साडेचारला परत फिरलो. गाडीत नात बापाच्या खांद्यावर झोपली. विरारला उतरल्यावर दुकानावरूनच वाट होती. शटर बंद, समोर दोन गिऱ्हाईके उभी. त्यांनी हाक मारली. मुलाने झोपलेल्या मुलीकडे बोट दाखवले आणि चालत राहिला.

जेवण झाल्यावर नातीला जाग आली. तिने घरभर डबे शोधले. कुंकवाची डबी सुपारीच्या डबीत गेली, ती वेलदोड्यांच्या डब्यात, तो मसाल्याच्या डब्यात. आतल्या डबीत काय ठेवले ते कोणालाही पाहू दिले नाही. सर्वांत बाहेरची पेटी मात्र मिळेना. तिने इकडेतिकडे पाहिले आणि बापाच्या गल्ल्याच्या पत्र्याच्या पेटीवर हात ठेवला. त्याने हिशेबाची चिल्लर टेबलावर ओतली आणि पेटी तिच्यापुढे सरकवली.

सोमवारी सकाळी मी दुकानात डोकावलो, तेव्हा मुलगा लोणच्याच्या रिकाम्या बरणीतून गिऱ्हाइकाला सुटे पैसे देत होता.