तळ्यातील किनखाब

मनूच्या ओंजळीत आलेल्या चिमुकल्या माशाची कथा आपण मुलांना सांगतो. मासा वाढू लागला, तसे मनूने त्यास घटातून खड्ड्यात आणि अखेर सागरात नेऊन सोडले. जपानात निशिकिगोइ पाळणाऱ्यास या कथेचा थोडाफार प्रत्यय येतोच. बोटाएवढे आणलेले पिल्लू काही वर्षांत दोन फुटांचे होते आणि त्यास जागा देण्याचे उत्तरदायित्व आपणावर येऊन पडते.

‘निशिकि’ म्हणजे किनखाब. नाव दरबारी असले, तरी या माशाचे कुळ शेतकऱ्याचे आहे. नीगाता प्रांतातील यामाकोशी व ओजिया या डोंगराळ मुलखात हिवाळ्यात बर्फाने वाटा बंद होत. तेव्हाच्या अन्नाची सोय म्हणून भातखाचरांजवळील तळ्यांत कार्प मासे पाळीत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्यांत काही रंगीत पिल्ले निपजली. शेतकऱ्यांनी ती राखली, निवडून वाढविली. १९१४ साली टोकियोच्या प्रदर्शनात ती मांडली गेली आणि त्यांची कीर्ती दूरवर पसरली. पांढऱ्या अंगावर तांबडे ठसे असलेला तो ‘कोहाकु’. त्यात काळ्या रंगाची भर पडली की ‘सान्शोकु’, अर्थात तिरंगी.

माझे वडील महाडकडून कोबे येथे आले. तिकडे काळ नदीवरील वाळणकोंड येथील मासे देवीचे मानून कोणी मारीत नाही. त्यांना खाऊ घालण्यात वडिलांचे बालपण गेले होते. आमच्या अंगणातील तळे त्यांनीच बांधले. त्यांच्या पश्चात आलेल्या पहिल्या दिवाळीस, घराप्रमाणे तळेही लखलखीत करावे, म्हणून मी ते रिकामे केले, शेवाळ खरवडले आणि नळाचे पाणी भरले. सकाळी सातांपैकी पाच मासे पोट वर करून तरंगत होते.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांचे कल्ले पोळून काढतो. शिवाय जी मी घाण समजून धुऊन टाकली, तिच्यातच माशांपासून निघणाऱ्या अमोनियाचे विष उतरविणारे सूक्ष्म जीव राहत होते. शेजारचे वृद्ध गृहस्थ एवढेच म्हणाले, “सेन्सेइ, आधी पाणी पाळावयास शिका.” आयुष्यभर इतरांस शिकविणाऱ्या मला तो धडा फार महाग पडला.

२३ ऑक्टोबर २००४ च्या भूकंपात यामाकोशीचे रस्ते तुटले, तळ्यांचे बांध फुटले. सर्व ग्रामस्थांस हेलिकॉप्टरने हलवावे लागले. पुढे वाचलेले काही मासेही तसेच बाहेर काढण्यात आले. परतलेल्या शेतकऱ्यांनी तळी पुन्हा बांधली. त्यांच्या धीरापुढे माझी घाई मला लाजिरवाणी वाटते.

आता मी थोडेथोडेच पाणी, तेही क्लोरीन घालवून, बदलतो. पाणी दहा अंशांखाली गेले की मासे अन्न पचवू शकत नाहीत. म्हणून कडक थंडीत त्यांना उपास घडवितो. आपणांपैकी कोणास हा छंद जडल्यास त्यांनी मासा आणण्यापूर्वी तळ्याचे पाणी काही आठवडे मुरू द्यावे, ही विनंती. वडिलांचे उरलेले दोन मासे अद्याप आहेत. पूर्वी ते त्यांच्या पावलांच्या चाहुलीने काठाशी येत. अलीकडे माझ्याही येऊ लागले आहेत.