दोन रेघांचा 'माणूस'
जपानी लिपीतील एका अक्षराची ओळख

बुद्धाचा देश म्हणून जपानचे नाव आपल्या घराघरांत आदराने घेतले जाते. नागपूरच्या दीक्षाभूमीशी नाते जोडलेले भदन्त सुरई ससाई मूळचे जपानचेच. पण जपानी लिपी पाहिली की आपण म्हणतो, "हे आपल्याला कुठले जमायला!" म्हणून आज आपण फक्त एक अक्षर शिकू. मुलांना पाटी-पेन्सिल घेऊन जवळ बसवा.

पाटीवर वरून खाली, डावीकडे झुकणारी एक रेघ ओढा. आता त्या रेघेच्या टोकाच्या जरा खालून उजवीकडे उतरणारी दुसरी रेघ ओढा. झाले अक्षर! पाय फाकून उभा असलेला माणूस दिसतो ना? याचा अर्थही 'माणूस' असाच आहे. मात्र डावी रेघ आधी, उजवी नंतर, हा क्रम मोडायचा नाही.

अशा चित्रवजा अक्षरांना जपानी लोक 'कांजी' म्हणतात. ती मूळची चीनमधली. तीन हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये हाडांवर कोरलेल्या लेखांत बाजूने पाहिलेला, हात पुढे केलेला एक माणूस दिसतो. तेच या अक्षराचे जुने रूप. दोन माणसे एकमेकांना टेकून उभी आहेत, असा अर्थ जपानमध्ये पुष्कळदा सांगितला जातो. तो मनाला भावणारा आहे, पण नंतरचा आहे.

जपानी मुले पहिलीत ८० कांजी शिकतात, त्यांत हे अक्षर असते. प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत १,०२६ होतात. नित्य वापरासाठी सरकारने ठरवलेल्या यादीत २,१३६ आहेत.

उच्चार किती?

आपला 'क' कुठेही 'क'च. कांजीचे तसे नाही. हे अक्षर एकटे असले की 'हितो' वाचतात. तो अस्सल जपानी शब्द. जोडशब्दांत ते 'जिन' किंवा 'निन' होते, कारण चिनी उच्चार वेगवेगळ्या काळात जपानात आले. भारतीय माणूस म्हणजे 'इंदोजिन', जपानी माणूस 'निहोनजिन'. तीन माणसे 'सान-निन'. पण एक माणूस 'हितोरी' आणि दोन 'फुतारी'. हे दोन शब्द पाठच करावे लागतात.

रोजच्या व्यवहारात

रेल्वे स्टेशनवर तिकिटाच्या यंत्रावर 'मोठा' आणि 'माणूस' ही दोन अक्षरे शेजारी दिसली की 'ओतोना' वाचायचे. म्हणजे प्रौढाचे, पूर्ण तिकीट. दवाखान्यात 'आजार' आणि 'माणूस' मिळून 'ब्योनिन', रुग्ण. 'माणूस' आणि 'आकार' मिळून 'निंग्यो', बाहुली. 'माणूस' आणि 'तोंड' मिळून 'जिंको', लोकसंख्या. आपल्याकडेही घरात खाणारी तोंडे किती, असे विचारतातच की!

दुसऱ्या अक्षराच्या डाव्या बाजूला बसताना हा माणूस अंग चोरून उभा राहतो. त्याच्या शेजारी झाड काढले की अर्थ होतो 'विश्रांती'. झाडाला टेकलेला माणूस!

भाषणाआधी किंवा परीक्षेआधी छाती धडधडू लागली, तर तळहातावर बोटाने हे अक्षर तीनदा लिहून गिळल्यासारखे करायचे, अशी तिकडे जुनी समजूत आहे.

याच अक्षराची दुसरी बाजू

पण या दोन रेघांनी दुःखही पाहिले आहे. १६०३ ते १८६८ या एदो काळात जपानमध्ये काही लोकांना समाजाबाहेर ठेवले होते. त्यांतल्या एका वर्गाचे नावच 'हिनिन' होते. 'नाही' हे अक्षर आणि त्यापुढे आपले 'माणूस'. म्हणजे माणूस नसलेला! भीक मागणे, रस्त्यावर खेळ करणे, तुरुंग आणि फाशीच्या जागेवरची कामे त्यांच्या वाट्याला होती. १८७१ साली सरकारी फर्मानाने हा दर्जा रद्द झाला, पण समाजाच्या मनातून तो गेला नाही. म्हणून बहिष्कृत वस्त्यांतील लोकांनी ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे 'सुइहेइशा' ही संघटना उभारली आणि आम्ही माणसे आहोत हे ठणकावून सांगितले. या भेदभावाविरुद्ध जपानने २०१६ मध्येही कायदा केला. दुखणे किती खोल आहे ते त्यावरून कळावे. आपल्या वाचकांना याहून अधिक सांगायची गरज नाही.

त्याच 'माणूस' अक्षरापुढे 'हक्क' हे अक्षर ठेवले की होते 'जिनकेन', मानवी हक्क. अक्षर तेच, पण शेजारी कोण बसते यावर सारे अवलंबून!

आणि एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. 'बुद्ध' हा शब्द ज्या कांजीने लिहितात, तिच्या डाव्या बाजूला हाच अंग चोरून उभा राहिलेला माणूस आहे. प्राचीन चीनमध्ये ते अक्षर उच्चार जुळतो म्हणून निवडले गेले, त्यामागे तत्त्वज्ञान होते असे नाही. तरीही बुद्धाचे नाव लिहिताना लेखणी आधी 'माणूस' काढते आणि मग पुढे जाते, हे आपल्याला आवडल्यावाचून राहणार नाही.

आज रात्री जेवणे झाल्यावर घरातल्या प्रत्येकाने हे अक्षर दहा वेळा गिरवावे. पहिली रेघ डावी, दुसरी उजवी.