नक्षीकामाचा छोटा राऊटर : सॉफ्टवेअर कोणते घ्यावे?

लाकूड, एमडीएफ किंवा ॲक्रिलिकवर नक्षी कोरणारा सीएनसी राऊटर आता घरातल्या टेबलावर मावतो. ‘३०१८’ या नावाने विकली जाणारी यंत्रे साधारण ३० सेंमी बाय १८ सेंमी एवढ्या जागेत काम करतात. यंत्र घेताना दहा ठिकाणी चौकशी करणारा माणूस सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र विक्रेत्याने पेन ड्राइव्हमध्ये भरून दिले त्यावर समाधान मानतो. अडचणी तेथूनच सुरू होतात.

काम तीन टप्प्यांत होते हे आधी समजून घ्यावे. पहिला टप्पा नक्षीच्या रेखाटनाचा. दुसऱ्यात कटर कोठून, किती खोल व किती वेगाने फिरेल हे ठरते आणि जी-कोडची फाइल तयार होते. तिसऱ्यात ती फाइल यंत्राकडे जाते. या शेवटच्या टप्प्याची चिंता नको. छोट्या यंत्रांत बहुधा जीआरबीएल ही नियंत्रणप्रणाली असते व तिच्यासाठी ‘कँडल’ किंवा ‘युनिव्हर्सल जी-कोड सेंडर’ मोफत मिळतात. खरी निवड पहिल्या दोन टप्प्यांची आहे, आणि ती कामाकडे पाहून करावी.

नावाच्या पाट्या करायच्या असतील तर रेखाटनासाठी ‘इंकस्केप’ उत्तम. ते मोफत आहे आणि देवनागरीची जोडाक्षरे व उर्दूची वळणे नीट जुळवते. पण एक मेख आहे. पडद्यावर अखंड दिसणारी शिरोरेषा प्रत्यक्षात प्रत्येक अक्षराची वेगळी असते. फाइल तशीच पुढे दिली की कटर प्रत्येक अक्षराभोवती स्वतंत्र फिरतो आणि शिरोरेषेचे तुकडे पडतात. उर्दूच्या जोडलेल्या हरफांचेही तेच होते. म्हणून मजकुराचे आधी बाह्यरेषांत रूपांतर करावे, गट सोडवावा, मग ‘युनियन’ ही आज्ञा देऊन सर्व अक्षरे एकसंध करावीत आणि एसव्हीजी फाइल जपून ठेवावी. उद्या सॉफ्टवेअर बदलले तरी ही फाइल कामी येते.

अक्षरे कोरण्यासाठी व्ही आकाराचा कटर लागतो. रेघ रुंद तेथे तो खोल जातो, अरुंद तेथे वर येतो. हे गणित ‘व्हेक्ट्रिक’ कंपनीचे ‘व्हीकार्व्ह’ चांगले करते. ते विंडोजवरच चालते व त्याला पैसे पडतात. मोफत हवे असेल तर ‘एफ-एनग्रेव्ह’ आहे. दोन्हींत कटरचा कोन अचूक भरावा. १० मिमी रुंद रेघ ९० अंशाच्या कटरने ५ मिमी खोल जाते, ६० अंशाच्या कटरने सुमारे ८.७ मिमी. खोलीची मर्यादा घातली नाही तर ६ मिमीची फळी आरपार गेलीच समजा.

जाळीकामाला व्ही कटर लागत नाही, साधा सरळ कटर पुरतो. मात्र ३ मिमीच्या कटरने ३ मिमीपेक्षा अरुंद फट निघत नाही आणि आतले कोपरे गोल राहतात, हे रेखाटतानाच ध्यानात धरावे.

मापात बसणारे सुटे भाग किंवा खोबणीच्या पेट्या करायच्या असतील तर ‘फ्रीकॅड’ घ्यावे. त्याची १.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. शिकायला वेळ जातो, पण मोफत असून धंद्यासाठीही खुले आहे. ‘फ्यूजन’ची गोष्ट वेगळी. त्याचा मोफत परवाना हौशी, बिगर-व्यापारी कामापुरता आहे. एका वेळी १० च रेखाटने बदलण्याजोगी ठेवता येतात, आणि २०२० पासून कटरची रिकामी धावही संथ केलेली आहे. पाट्या विकून घर चालवायचे असेल त्याने त्यावर धंदा उभारू नये.

बाजारात ‘आर्टकॅम’च्या फुकट प्रती सर्रास फिरतात. ऑटोडेस्कने २०१८ मध्येच त्याची विक्री बंद केली, त्यामुळे आज कोणी ‘नवे आर्टकॅम’ देऊ केले तर ते कायदेशीर असणे शक्य नाही. त्याच धाटणीचे काम हवे असणाऱ्यांसाठी ‘कार्वेको’ आहे. उठावाची फुले-वेली कोरण्यासाठी व्हेक्ट्रिकचे ‘ॲस्पायर’ही आहे, ते महाग आहे आणि नवशिक्याला पहिल्या वर्षी त्याची गरज नसते.

पैसे भरण्यापूर्वी व्हीकार्व्हची चाचणी-आवृत्ती उतरवून घ्यावी. स्वतःच्या रेखाटनाची जी-कोड फाइल तीत निघत नाही, पण कटरचा मार्ग पडद्यावर पाहता येतो आणि कंपनीने दिलेले नमुने प्रत्यक्ष कापता येतात. त्यातला एखादा नमुना टाकाऊ एमडीएफवर कापून पट्टीने मोजावा. इंच आणि मिलिमीटरचा घोळ असेल तर तो तेथेच उघड होतो.